रिमथांगच्या वासराचा परराष्ट्रव्यवहार

नवव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमारास, झेमा नावाच्या एका झोमोने कोणाचीही परवानगी न घेता साम्राज्याची सरहद्द ओलांडली.

झोमो म्हणजे याक आणि गाय यांची लेक. बापाचे केस, आईचं दूध आणि दोघांचाही हट्ट. ही झोमो रिमथांग गावच्या पेडेनची. सरहद्द म्हणजे गावामागच्या डोंगराचा कणा. इकडच्या उतारावर साहेबाचं राज्य, तिकडच्या उतारावर तिबेटचं, आणि गवत तिकडं चांगलं. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक जनावराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. एरवी जनावर तिकडं गेलं की माणूस खिंडीतल्या भिंतीच्या दारापर्यंत जायचा, शीळ घालायचा, मुठीतलं मीठ दाखवायचा आणि जनावर घेऊन घरी यायचा. यंदा तसं करता येईना, कारण यंदा दोन्ही सरकारांनी एकमेकांशी मैत्री करायचं ठरवलं होतं.

पेडेन मीठ घेऊन गेली तेव्हा दारावरच्या थारचिनने तिला आत घेतलं. थारचिन तिथला पहारेकरी आणि तिच्या मामेबहिणीचा नवरा. त्याने मीठही घेतलं, पण ते थुक्पात, म्हणजे आपल्या जेवणाच्या कढणात टाकायला. मग तिला झोंगच्या पायऱ्या चढवून वर नेलं. झोंग म्हणजे तिथला किल्ला, आणि त्याचे अधिकारी कुशो डामदुल. कुशोंनी तिला बसवलं, स्वतःच्या हाताने तिची वाटी भरली, सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली. खाली अंगणात झेमा बांधलेली होती आणि पेडेनचा आवाज ऐकून हंबरत होती.

"जनावर तुझंच आहे," कुशो म्हणाले. "तुला बघून रडतंय ते मलाही ऐकू येतंय. पण मी ते वहीत लिहिलंय."

"का लिहिलंत, कुशो?"

"नवी वही आली होती."

वहीपुढे काय बोलणार? कुशोंनी वाटी पुन्हा भरली आणि मार्ग सांगितला. वहीतलं जनावर असंच सोडता येत नाही. पण तिच्या सरकारने रीतसर मागितलं तर ते आनंदाने देतील. मैत्रीच ती.

घरी पेडेन, तिची म्हातारी सासू आणि झेमाचं तीन महिन्यांचं वासरू. तीन महिन्यांत बर्फ पडणार होतं. बर्फ पडलं की भिंतीची वाट पाच महिने बंद. तोवर झेमा परत आली नाही तर घरात लोणी नाही, लोणी नाही म्हणजे चहा नाही, आणि दूध नाही म्हणजे वासरूही नाही. सासूने हे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की मी मरायला तयार आहे, पण बिनलोण्याचा चहा पिऊन नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडेन कचेरीत गेली.

सरहद्द-व्यापाराची ही कचेरी रिमथांगला उघडून चार वर्षं झाली होती. तिथे झेंडा होता, शेगडी होती, छापील कागदांच्या सात पेट्या होत्या आणि विंटलसाहेब होते. व्यापार तेवढा नव्हता. कचेरी ज्या दिवशी उघडली त्याच दिवशी लोकरवाल्यांनी आपले तांडे दुसऱ्या खिंडीतून न्यायला सुरुवात केली होती, कारण त्या खिंडीत कचेरी नव्हती. साहेबांनी चार वर्षांत सलगम लावून पाहिले. सलगम बरे आले.

मुनशी रिनझिंगने पेडेनचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं तेव्हा साहेब उभेच राहिले. चार वर्षांत कचेरीत आलेला हा पहिला विषय होता. त्यांनी पेडेनला खुर्ची दिली, झेमाचं वय विचारलं, शिंगांची लांबी विचारली, आणि तिबेटी अधिकाऱ्यांना पाठवायच्या पहिल्या पत्राचा मसुदा त्याच बैठकीत सुरू केला. पत्र तीन पानांचं झालं. पहिल्या पानावर दोन थोर सत्तांमधला सलोखा होता, दुसऱ्यावर व्यापाराच्या शक्यता होत्या, आणि झोमो तिसऱ्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत होती. रिनझिंगने त्याचं तिबेटी करून ते पांढऱ्या रेशमी खाद्यात, म्हणजे मानाच्या उपरण्यात गुंडाळलं. खाद्याशिवाय पत्र म्हणजे उघडं माणूस. कोणी दारात उभं करत नाही. सोबत भेट म्हणून एक काळी छत्री दिली.

पत्र नेणार कोण? साहेबांना भिंतीपलीकडे जायची मुभा नव्हती. रिनझिंगला होती, पण त्याला दम लागायचा. पेडेनला, जनावर बघायला म्हणून, होती. म्हणून दोन थोर सत्तांचा पत्रव्यवहार पेडेनच्या कमरेला, सातूच्या पिठाच्या पिशवीशेजारी खोचला गेला.

कुशोंनी खाद्याची वीण हातात घेऊन पाहिली, वाहवा केली, आणि पत्र न उघडता परत दिलं.

"वरून हुकूम आहे," ते म्हणाले. "परक्यांचं पत्र घ्यायचं नाही. घेतलं तर वाचावं लागतं, वाचलं तर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं की ते आहेत असं होतं."

"पण त्यात माझी झोमो आहे, कुशो. तिसऱ्या पानावर."

"ठाऊक आहे. शेवटून दुसरी ओळ. काल थारचिन खाली गावात आला होता, त्याला रिनझिंगने सांगितलं." मग जरा पुढं झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांग, दुसऱ्या पानावर मला संबोधताना एक पायरी खालचा शब्द पडलाय. तेवढा सुधारून आण. असलं उद्धट पत्र मी न उघडता तरी कसं परत करू?"

पेडेनने सुधारून आणलं. कुशोंनी ते आदराने, न उघडता परत केलं.

छत्री मात्र त्यांनी ठेवून घेतली. भेट न घेणं हा असभ्यपणा, आणि त्याविरुद्ध हुकूमही नव्हता. उलट भेट म्हणून त्यांनी वाळवलेली अख्खी मेंढी आणि दाबून केलेल्या चहाच्या चार विटा पाठवल्या. इकडे साहेबांच्या नियमात सरकारी नोकराला भेट ठेवता येत नव्हती. ती सरकारी तोशाखान्यात जमा करायची आणि तिच्या तोडीची परतभेट द्यायची. तोडीची म्हणजे किंचित वरचढ, नाहीतर साम्राज्याची शोभा काय राहिली? म्हणून घड्याळ गेलं. घड्याळाच्या बदल्यात तीन मेंढ्या आणि चहाच्या बारा विटा आल्या. मग दुर्बीण गेली. महिनाभरात कचेरीच्या मागच्या खोलीत चहाच्या विटांची भिंत उभी राहिली, वाळलेल्या मेंढ्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि रिनझिंगला फाइल काढायला आत जायची भीती वाटू लागली. पत्र नऊ वेळा जाऊन नऊ वेळा परत आलं. त्याच्यावरचा खाद्या मळला म्हणून बदलावा लागला.

ह्या नऊ फेऱ्यांत पेडेन झेमाचं दूध काढायची. पण दूध चढण-उतरणीत निम्मं सांडायचं, आणि वासराच्या बरगड्या दिसायला लागल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून आई हंबरायची आणि अलीकडून लेकरू. दोन सरकारांमध्ये थेट संवाद चालू होता तो एवढाच.

शेजारचा ओंगडी कुंपणावरून म्हणायचा, "काय आमा पेडेन, आता दरबारी बाई झालात. आमच्याशी बोलायला खाद्या लागेल का?"

"तुझ्याशी बोलायला कान बंद करायला कापूस लागतो," पेडेन म्हणायची आणि चालू लागायची.

शेवटी तिने साधं काहीतरी विचारलं. वासरूच सकाळी आईकडे नेलं आणि संध्याकाळी परत आणलं तर? कुशोंची हरकत नव्हती. वासरू वहीत नव्हतं. साहेबांचीही हरकत नव्हती. फक्त जनावर सरहद्दीबाहेर जातंय म्हटल्यावर एक छापील कागद भरावा लागेल, असं रिनझिंग म्हणाला. त्याने चार वर्षांत न उघडलेली पेटी उघडली. कागदाच्या माथ्यावर 'निर्यात' असं होतं. त्याने लिहिलं: वासरू, एक. संध्याकाळी वासरू परत आलं तेव्हा दुसऱ्या पेटीतला 'आयात' असा कागद निघाला. त्यावरही लिहिलं: वासरू, एक.

साहेब त्या दोन कागदांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले.

महिनाअखेरीला साहेबांचा अहवाल कलकत्त्याला गेला. रिमथांगच्या वाटेने तिबेटशी व्यापार सुरू झाला असून आयात आणि निर्यात यांचा ताळमेळ इतका अचूक आहे, की असं संतुलन साम्राज्यात अन्यत्र आढळत नाही. त्याच सुमारास कुशोंचं निवेदन ल्हासाला गेलं. परक्यांनी नमतं घेऊन रोज सकाळी एक वासरू नजराणा म्हणून पाठवायला सुरुवात केली आहे. आपण औदार्याने ते रोज संध्याकाळी परत करतो. दोन्हीकडून शाबासकी आली. साहेबांना बढतीची आशा दिसू लागली. कुशोंची वाऱ्यावादळाच्या मुलखात होणारी बदली थांबली.

मग कलकत्त्याहून विचारणा आली, की व्यापार चांगला आहे, पण वाढ कुठे आहे? म्हणून वासरू दिवसातून दोनदा जाऊ लागलं. प्रत्येक खेपेला रिनझिंग कचेरीच्या दारात त्याच्या पुठ्ठ्यावर काजळीचा शिक्का मारायचा. आठवड्याभरात वासरू इतकं तरबेज झालं, की कोणतंही दार दिसलं की आपणहून थांबायचं, वळायचं आणि पुठ्ठा पुढे करायचं. चार वर्षांच्या नोकरीत एवढा सहकार्य करणारा माणूस रिनझिंगला भेटला नव्हता.

वासरू धष्टपुष्ट झालं. सगळे खूश होते. पेडेनने एका सकाळी अंगणात उभं राहून डोंगराकडे पाहिलं. कण्यावरचा ढग खाली उतरून बसला होता. दोन दिवस, फार तर तीन.

ती साहेबांकडे गेली. म्हणाली, साहेब, आता झोमो आणा. बर्फ पडलं की वासरू जाणार नाही आणि दूध येणार नाही. रिनझिंगने सांगितलं. साहेब अस्वस्थ झाले. झोमो परत आली तर वासरू जाणार कशाला? वासरू गेलं नाही तर व्यापार कुठला? त्यांनी पेडेनला मोठ्या मनाने आश्वासन दिलं, की दहावं पत्र ते आजवरच्या सर्वांत कडक भाषेत लिहितील. ते परत येईलच, पण भाषा कडक असेल.

ती कुशोंकडे गेली. कुशो अंगणात, काळ्या छत्रीखाली, स्वतःच्या हाताने झेमाला सलगमाची पानं भरवत होते. ते तिच्याकडे न बघता बोलले.

"ही गेली तर मला वाऱ्यात पाठवतील, पेडेन. माझ्या छातीला वारा सोसत नाही."

"आणि बर्फात माझं वासरू मेलं तर, कुशो?"

झेमाने त्यांच्या बाहीला नाक पुसलं. मग ते म्हणाले, की वही तर रात्रंदिवस माझ्यापाशीच असते, वहीतून कोणी कुठे जात नाही. पण दाराशी काय होतं ते मला ह्या अंगणातून दिसत नाही. दार कागद बघतं. एवढं बोलून ते वर निघून गेले आणि जाताना, विसरल्यासारखं, झेमाची दोरी सोडून गेले.

संध्याकाळच्या खेपेला पेडेन दाराशी आली. हातात कागद होता: वासरू, एक. दोरीला झेमा होती, चांगली खांद्याइतकी उंच, कासेतून दूध ठिबकणारी. मागून शिंगरासारखं उड्या मारत वासरू येत होतं. बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते.

थारचिनने कागद घेतला. सावकाश वाचला. झेमाकडे पाहिलं.

"हे वासरू?"

"कागदावर काय आहे, भावोजी?"

"वासरू आहे."

"मग?"

थारचिनने मान डोलावली. कागद खोटा म्हणायची त्याची पायरी नव्हती. मग त्याची नजर मागे गेली. "आणि हे बारकं?"

"ह्याचा कागद नाही."

"कागद नाही म्हणजे…" थारचिन विचारात पडला. वासरू नेहमीप्रमाणे वळून पुठ्ठा पुढे करून उभं होतं. "म्हणजे हे आलेलंच नाही."

"तेच म्हणतेय मी," पेडेन म्हणाली, आणि एक आलेलं आणि एक न आलेलं अशी दोन जनावरं घेऊन ती घरी आली. सासू त्या रात्री चहाच्या सात वाट्या प्यायली आणि तिने मरणाचा विषय मागे घेतला.

सकाळी विंटलसाहेब गुडघाभर बर्फ तुडवत पेडेनच्या अंगणात आले. गोठ्यात झेमा रवंथ करत होती. साहेबांचा चेहरा तिथल्या तिथे उतरला. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग रिनझिंगला काहीतरी म्हणाले.

"साहेब म्हणतात, वासरू छान वाढलंय," रिनझिंग म्हणाला.

पेडेनने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गोठ्याच्या छपराकडे पाहिलं.

पुढचं बोलणं चहावर झालं. झोमो तिबेटच्या ताब्यात आहे, हे दोन्ही सरकारांना मान्य आहे. कुशो तिच्या वैरणीचा हिशेब वसंतापर्यंत वर पाठवत राहणार. तेव्हा इथे जे उभं आहे ते वासरू. वाट बंद असली म्हणून व्यापार बंद पडलाच पाहिजे असा काही नियम नाही. पेडेनने फक्त रोज चार कागदांवर अंगठा उठवायचा: दोन जायचे, दोन यायचे. बदल्यात तोशाखान्यातली चहाची एक वीट, दर महिन्याला, आणि पितळेचा बिल्ला. त्यावर 'मान्यताप्राप्त व्यापारी' असं इंग्रजीत कोरलेलं.

पेडेनने विचार केला. घरात झोमो होती, वासरू होतं, लोणी होतं. चहा तेवढा उसना आणावा लागत होता. तिने अंगठा पुढे केला.

त्या हिवाळ्यात खिंडीत छातीइतकं बर्फ होतं. कोल्हाही गेला नाही. वासरू मात्र कागदावर दिवसातून दोनदा गेलं आणि दोनदा आलं, एकाही दिवसाचा खंड नाही. पेडेन शेगडीशी बसून अंगठा उठवायची आणि चहा घुसळायची. बिल्ल्याने तिच्या अंगावरच्या, सासूच्या जुन्या शालीचं टोक चांगलं अडकून राहायचं.

बर्फ वितळलं तेव्हा दोन्हीकडून एकाच आठवड्यात हुकूम आले. शब्द वेगळे, मतलब एक. रिमथांगच्या वाटेने इतका भरभराटीचा आणि शिस्तशीर व्यवहार चालू असताना भटक्या गुरांनी त्यात अडथळा आणू नये. कण्यापलीकडची सगळी कुरणं ह्यापुढे बंद. ओलांडलेलं जनावर जप्त.

गावाची दीडशे गुरं. उन्हाळाभर ती कुठे चरायची? सगळं गाव पेडेनच्या अंगणात आलं, पुढे ओंगडी.

"आमा, हे तुमच्या अंगठ्यामुळे झालं," तो म्हणाला. ह्या वेळी थट्टेत नव्हता. "उद्यापासून अंगठा देऊ नका. व्यापार बुडाला की हुकूम बुडेल. कुरण सुटेल. आपल्या सगळ्यांचं."

खरं होतं. पेडेनला ते ऐकताऐकताच कळलं. तिने बिल्ला काढून हातात घेतला. तो गरम झाला होता, अंगाच्या उबेने. ती हो म्हणणार होती. निदान नंतर ती सगळ्यांना तसं सांगायची. तेवढ्यात रिनझिंग धापा टाकत आला आणि साहेबांचा निरोप वाचून दाखवला. वरून पुन्हा वाढ मागितली आहे. एका वासराने भागत नाही. ज्या कोणा घराला वासरू नोंदवायचं असेल त्याने कचेरीत यावं. अंगठा रोजचा, वीट महिन्याची, बिल्ला कायमचा. जागा मर्यादित.

मग ओंगडीने, घसा साफ करून, रिनझिंगला विचारलं, की वासरू दाखवावं लागतं का. रिनझिंग म्हणाला, दाखवलं तर उलट घोटाळा होतो.

सूर्य कलायच्या आत रांग कचेरीच्या पायऱ्यांपासून सलगमाच्या वाफ्यांपर्यंत गेली. वासरं असलेली माणसं थोडी होती, अंगठे असलेली पुष्कळ. कुरणाचं नाव निघालं नाही असं नाही. एका म्हातारीने काढलं. तिला सगळ्यांनी समजावलं की हो, तेही बघायचंच आहे, पण आधी नंबर लागू दे.

ह्या रांगेत कोण कोण होतं ते पेडेनला नीट आठवतं, कारण नंबर तिनेच लावून दिले. बाविसाव्या नंबरवर तुम्ही होतात, हो, ही गोष्ट वाचणारे तुम्हीच. पुढे कोणीतरी मधेच घुसत होतं तेव्हा त्याची बाही धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच म्हणाला होतात.